बेताचा चेंडू

आमच्या फोंड्याच्या घरी मागल्या पडवीत एक रगडा आहे. मिक्सर आल्यापासून त्याच्यावर रोजचे वाटण होत नाही, पण पूर्वी चवथ जवळ आली की आई टाकी लावणाऱ्याला हटकून बोलावून घेत असे. दगड गुळगुळीत झाला की खोबरे वाटले न जाता नुसते सरकत राहते, आणि टाकी फार खोल बसली की वाटणात कच येते. म्हणून तो माणूस ठोके घालत असताना आई शेजारी उभी राहून ‘बेतानं, बेतानं’ म्हणत राहायची. साठीच्या उंबरठ्यावर मी बोलिंगचा स्वतःचा चेंडू घेतला, तेव्हा हा शब्द पुन्हा कामाला येईल असे वाटले नव्हते. (बोलिंग म्हणजे दहा पिना पाडण्याचे. आमच्या वाड्यावर अजून ‘फास्ट की स्पिन?’ असे विचारतात.)

माझा चेंडू मधल्या ताकदीचा आहे. खेळणारे त्याला ‘मिड-परफॉर्मन्स’ म्हणतात. मॉलमध्ये भाड्याच्या बुटांबरोबर मिळणारा प्लॅस्टिकचा चेंडू कुठेही टाका, बहुधा नाकासमोर जातो. दुसऱ्या टोकाचे जोरकस चेंडू लेनला, म्हणजे चेंडू धावतो त्या वाटेला, घट्ट धरतात आणि बाकदार वळतात. वळण हवे याचे कारण असे, की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सर्वांत पुढच्या पहिल्या आणि तिच्या मागे उजवीकडच्या तिसऱ्या पिनेमधल्या खाचेत साधारण 6 अंशांच्या कोनात शिरला, तर दहाही पिना पडण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. आणि 60 फूट लांब, पण साडेतीन फुटांहूनही थोड्या कमी रुंद अशा लेनवर सरळ टाकलेल्या चेंडूला तो कोन मिळूच शकत नाही.

लेनवर तेल असते, हे मला कित्येक दिवस ठाऊकच नव्हते. साधारण पहिल्या 40 फुटांवर ते पसरलेले असते. मध्यभागी दाट, दोन्ही कडांच्या पन्हळींकडे, म्हणजे गटरांकडे, पातळ, आणि पिनांच्या जवळचा भाग कोरडा. एका लेनला लागणारे तेल आपल्या समईत सहज मावेल, पण सारा खेळ त्याच्याच मर्जीवर चालतो, आणि ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. आषाढात आमच्या अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते तेव्हा जी चप्पल मधल्या वाटेवर दगा देते, तीच वळचणीखालच्या कोरड्या कडेला पाय रोवून धरते. चेंडूचेही तसेच, आधी घसरायचे, मग पकडायचे आणि शेवटी लोळत जायचे. चेंडूचे कवच रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे, म्हणजे पकड धरणाऱ्या कृत्रिम राळेचे, असले की कोरड्या जागी ही पकड चांगलीच जाणवते. अशी कवचे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि खेळाचा नूरच पालटला.

जोरकस चेंडू घेण्याचा मोह मलाही झाला होता. बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याकडे तसा एक आहे, आणि तो घेऊन आम्ही रविवारी संध्याकाळी एका मॉलमध्ये गेलो. दिवसभर वाढदिवसाच्या पोरांनी खेळून लेनवरचे तेल जवळपास संपवलेले होते. दाट तेलासाठी केलेला तो चेंडू अर्ध्या वाटेतच वळू लागला, पहिल्या पिनेसमोरून आडवा होत डावीकडे गेला आणि उजवीकडच्या पिना हलल्यासुद्धा नाहीत. “मामा, चेंडूला काही झालेलं नाही, तेल उडालंय,” असे भाचा म्हणाला. त्यानंतर आम्ही दोघांनी एकाच जातीचे, मधल्या ताकदीचे दोन चेंडू घेतले.

खरी गंमत इथून पुढे आहे. माझा चेंडू 14 पौंडांचा, म्हणजे साडेसहा किलोंना थोडा कमी. माझा हात सावकाश, आणि मनगटाचा पीळही जेमतेम. भाचा अंगठ्याचे भोक न पाडता दोन हातांनी टाकतो, ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टेमुळे जगभर रुजलेल्या पद्धतीने, त्यामुळे त्याच्या चेंडूला माझ्या दुप्पट तरी फिरक्या मिळतात. माझ्याकडे वेग कमी असल्यामुळे चेंडूला लेन धरायला सवड मिळते आणि थोड्या फिरक्यांतही तो बऱ्यापैकी वळतो. भाच्याकडे फिरक्या उदंड असल्यामुळे तोच चेंडू लवकर वळू पाहतो. म्हणून त्याने स्वतःच्या चेंडूला पॉलिश केले, म्हणजे तो अधिक अंतर घसरून उशिरा वळतो. माझ्या चेंडूवर मात्र 2000 क्रमांकाची घासण्याची चकती फिरवलेली आहे. क्रमांक लहान तितका ओरखडा जाड, आणि तितकी पकड लवकर. ही टाकीच झाली, फक्त दगडाऐवजी रेझिनला. ज्याचा वेग भरपूर आणि फिरकी थोडी, त्याला मात्र ताज्या दाट तेलावर माझा चेंडू उपयोगाचा नाही. तो पिनांपर्यंत घसरतच जाईल, आणि हा दोष लपवण्यात अर्थ नाही.

चेंडू परत आला की मी तो लगेच पुसत नाही, आधी दिव्याखाली धरतो. त्याच्यावर तेलाच्या बारीक वर्तुळाकार रेघा उमटलेल्या असतात, एका जागी गाठीसारख्या जवळ येणाऱ्या आणि पुढे पंख्यासारख्या फाकणाऱ्या. आतला गाभा चेंडूचा अक्ष सरकवत नेतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला कोरडे अंग लेनला लागते, आणि या रेघा म्हणजे त्याचा माग. जोरकस चेंडूवर त्या ऐसपैस असतात, प्लॅस्टिकच्या चेंडूवर एकमेकींवर बसलेल्या, आणि माझ्या चेंडूवर नखभर अंतराने. तिसऱ्या-चौथ्या डावात रेघा फिकट होऊ लागल्या की समजावे, लेन सुकत चालली आहे. अशा वेळी जोरकस चेंडू एकाएकी जास्तच वळतो, तर हा आधी एखादी पट्टी (लेन अशा उभ्या अरुंद पट्ट्यांची असते) डावीकडे जाऊन कळवतो. मग आपणही पावले दोन पट्ट्या डावीकडे सरकवायची. नवख्याला खेळ शिकायचा तर मी असाच चेंडू सुचवीन, कारण चूक तेलाची होती की हाताची, हे त्याच्यावरून उमगते.

कवचाला बारीक छिद्रे असतात आणि ती तेल पितात, म्हणून प्रत्येक फेकीनंतर तो पुसावा लागतो. त्यासाठी मी घरातले एक चांगले फडके उचलले, याचा उल्लेख आमच्याकडे अजून होतो. सध्या तो पडवीत रगड्याशेजारी जुन्या पंच्यावर ठेवलेला असतो. चवथीला भाचा येणार आहे. या खेपेस चेंडूवर 2000ची चकती फिरवायची की 3000ची, यावर फोनवर तरी आमचे एकमत झालेले नाही.