स्टेपनी बसेना

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी मी सॉल्ट लेक सिटीतल्या आमच्या घरासमोर गुडघे टेकून एक चाक हबवर, म्हणजे चाक ज्या तबकडीला बोल्टांनी जोडतात तिच्यावर, चढवत होते, आणि ते चढत नव्हतं. आठ बोल्ट, आठ भोकं. वरचे दोन बोल्ट भोकांत तोंड घालायचे, खालचे दोन कडेला अडायचे. मी भोकं पुसली, चाक फिरवून बघितलं, नवऱ्याला हाक मारून खालून पायानं उचलायला लावलं. शेवटी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर आणला. हबवरच्या बोल्टांचं वर्तुळ १७० मिलिमीटर. चाकावरच्या भोकांचं साडेसहा इंच, म्हणजे १६५.१. फरक पुरता पाच मिलिमीटरही नाही.

माझं बालपण कोल्हापुरात, उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत गेलं. तिथं येणारी निम्मी गिऱ्हाइकं मॅटाडोरवाली. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. आणि गाडीखाली दुसऱ्या गाडीचा आख्खा पुढचा एक्सल टांगून झाल्यावर मला कळलं की पुढची चाकं मागं बसणार नाहीत आणि मागची पुढं. स्टेपनी एकच. ती कुठल्या टोकासाठी ठेवायची?

गाडी म्हणजे २००८ ची फोर्ड ई-३५०, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, पूर्वी एका चर्चची पंधरा सीटची व्हॅन. आम्ही सीटा काढून आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. ते सगळं दोन महिन्यांत उरकलं, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. प्लायवूड कापता येणारा कुणीही ते करतो. खरी गोष्ट गाडीच्या पोटाखाली आहे.

फोर्डनं या ई-सिरीज व्हॅनला कारखान्यातून फोर-व्हील-ड्राइव्ह कधीच दिली नाही. २०१४ पर्यंत ही व्हॅन निघत होती आणि शेवटपर्यंत पुढं ट्विन आय-बीम, म्हणजे दोन आडव्या तुळया, एकीकडून एक आणि दुसरीकडून एक. नांगरासारखं मजबूत, पण इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत न्यायची सोय नाही. त्यामुळं अमेरिकेत अशा व्हॅनला फोर-व्हील-ड्राइव्ह बसवून द्यायचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातली क्विग्ली ही त्यातली नावाजलेली कंपनी. मलाही एका ठिकाणाहून खर्चाचा आकडा मिळाला होता. तो ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात आपली मूळ व्हॅन तीनदा येते." मग ठरलं, आपणच करायचं. वेल्डिंग आणि ट्रान्समिशन तेवढं बाहेर द्यायचं.

युक्ती जुनीच आहे. फोर्डचा सुपर ड्यूटी पिकअप घ्यायचा. त्याच घराण्यातलं इंजिन, त्याच घराण्यातलं ट्रान्समिशन, पण खाली फोर-व्हील-ड्राइव्ह. अपघातात गेलेल्या अशा पिकअपखालून पुढचा डाना ६० एक्सल, कमानीचे पाटे आणि ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, काढायची. आपल्या ट्रान्समिशनचं शेपटाकडचं हाउसिंग बदलून त्यामागं ती केस लावायची. केस मध्ये आली की मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा, लांब पडतो, तो कापून बॅलन्स करून घ्यायचा. पुढं नवीन शाफ्ट बनवायचा. केस मी मुद्दाम दांडीवाली घेतली, एनव्ही२७१. बटणावर मोटारीनं गिअर बदलणारीही मिळते. पण दांडीसाठी फ्लोअरला भोक पाडावं लागलं तरी चालेल, वाळवंटात मोटार रुसली तर मी तिची समजूत काढत बसणार नाही. लो गिअरमध्ये २.७२ पट जोर मिळतो. दगडावरून गाडी माणसाच्या चालीनं चढते.

पहिला एक्सल मी घाईनं घेतला. भंगारवाल्यानं स्वस्त दिला, मी खूश. त्यावरच्या पत्र्यावर ३.७३ कोरलेलं होतं, तिकडं मी बघितलंही नाही. व्हॅनचा मागचा एक्सल ४.१० चा. हे आकडे म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो ते. दोन्ही शाफ्ट एकाच केसमधून एकाच वेगानं फिरणार, तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळणार. शंभर मीटरमागं दहा मीटर. वाळूत चाकं घसरून तेवढं जिरवतील, पण खडकावर ती ओढाताण शाफ्टला आणि एक्सलमधल्या क्राउन-पिनियनच्या दात्यांना सोसावी लागते. काहीतरी मोडेपर्यंत. वर ते १७० मिलिमीटरचं प्रकरण आहेच. फोर्डनं १९९९ पासून सुपर ड्यूटीला मिलिमीटरचं वर्तुळ दिलं आणि व्हॅन साडेसहा इंचांवरच राहिली. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, आणि चाकं एकमेकींना परकी.

अ‍ॅडॅप्टर नावाच्या जाड चकत्या मिळतात, त्या लावून चाक बसवता येतं. मी त्या मागवल्यासुद्धा. तेवढ्यात काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका आता ऐंशीच्या पुढं, वर्कशॉप चुलतभाऊ बघतो, पण कुणाच्या गाडीखाली काय चाललंय हे त्यांना कळलंच पाहिजे. सगळं ऐकून म्हणाले, "पुढचा ज्या गाडीचा घेतलास, मागचाबी त्याच गाडीचा का घेतला नाहीस गं?"

एवढंच. चकत्या परत पाठवल्या, तो एक्सल तोट्यात विकला. तीन आठवडे शोधून २००४ ची व्ही-१० वाली एफ-३५० मिळाली, एकेरी मागच्या चाकांची, दोन्ही एक्सलवर ४.३०. आता चारही टोकांना १७० आणि पुढं-मागं एकच गणित. टायर ३०.५ इंचांवरून जेमतेम ३३ इंचांचे केले, २८५/७५ आर १६. टायर मोठा झाल्यानं जेवढा जोर कमी होतो तेवढा ४.३० नं जवळजवळ भरून काढला. लोक ३५ इंची टायर लावतात. फोटोत छान दिसतात. मला ते चढवताना उचलायचे नाहीत.

मागच्या एक्सलवर पाटे जिथं बसतात त्या बैठका व्हॅनच्या मापाला जुळत नव्हत्या. त्या कापून नव्या जागी वेल्ड करून घ्याव्या लागल्या. त्यात पिनियनचं तोंड, म्हणजे एक्सलला शाफ्ट जोडतो ते टोक, किती वर ठेवायचं यावर वेल्डरशी माझा अर्धा दिवस वाद झाला. हँडब्रेकच्या केबलनं तर आठवडा खाल्ला, पण ती रडकथा इथं नको.

पहिल्यांदा हायवेवर काढली तेव्हा ताशी शंभरला गाडी दारू प्यायल्यासारखी चालत होती. स्टेअरिंग सोडलं की आपलं आपण सरळ होईना. कारण कॅस्टर. पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं तो वरून किंचित मागं झुकलेला लागतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसं. माझा झुकाव जेमतेम एक अंश भरला. काकांचा उपाय तयार होता, "पाट्याखाली पाचर घाल की, त्यात काय!" आपल्याकडं पाचर मारतात ती दुसऱ्याच्या कामात. मी माझ्याच एक्सलला दोन्हीकडं तीन-तीन अंशांची मारली, आणि गाडी सुतासारखी सरळ आली. मात्र त्यामुळं पुढच्या पिनियनचं तोंड खाली गेलं, शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढला, आणि फोर-व्हीलमध्ये साठच्या पुढं गेलं की पायाखाली गुरगुर ऐकू येते. पुढचे हब हातानं लॉक करायचे आहेत, म्हणजे चाक एक्सलशी जोडायचं की सुटं ठेवायचं ते आपल्या हातात. ते उघडे ठेवले की हायवेवर पुढचा शाफ्ट फिरतच नाही. खडकाळ रस्त्यावर साठनं कोण जातंय? ती गुरगुर मी तशीच ठेवली आहे.

चुलतभावानं विचारलं, असंच आपल्याकडं फोर्सच्या ट्रॅव्हलर व्हॅनला करता येईल का? हातानं करता येईल, कागदावर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी अशी गाडी बदलता येणार नाही. हौस असेल तर पुण्याच्या फोर्सचीच गुरखा घे म्हटलं, ती कारखान्यातूनच फोर-व्हील आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही कॅपिटल रीफ नॅशनल पार्कातल्या कॅथेड्रल व्हॅलीत गेलो. साधारण ५८ मैलांचा कच्चा फेरा, आणि त्याची सुरुवातच फ्रीमाँट नदीतून. पूल नाही, पाण्यातूनच जायचं. पाणी गुडघ्याच्या जरा खाली होतं. लेकीला फोटो हवा होता म्हणून मधोमध गाडी उभी केली. ते करायला नको होतं, का ते पुढं येईल.

दुपारी टेंपल ऑफ द सनच्या त्या उभ्या सुळक्याजवळ असताना पाऊस आला. इथंही जुलै-ऑगस्टच्या पावसाला मान्सूनच म्हणतात. आमच्या घरी त्यावर दर वर्षी एकदा हसून होतं. पण तिथली माती बेंटोनाइटची, आणि बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या रानातली पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती त्याच जातीची. राखाडी रंगामुळं मी ओळखलीच नाही. दहा मिनिटांत रस्ता साबणासारखा झाला. फोर-व्हील, लो गिअर, टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवलेली, आणि चारही चाकं गोल लाडूसारखी. नक्षी दिसेचना. चारही चाकं फिरत होती, गाडी मात्र हळूहळू आडवी सरकत उताराकडं निघाली होती.

मी इंजिन बंद केलं. सोलापूरकडच्या मामाच्या गावात पाऊस पडला की कुणी बैलगाडी रानातून काढायचं नाही. उघाड पडेपर्यंत थांबायचं. नवऱ्याला वाटत होतं, एवढा खर्च केलाय तर थोडा जोर लावून बघू. त्याला म्हटलं, खाली उतर. तो उतरला आणि दोन पावलांत बसला. रात्री खिचडी केली, पत्ते खेळलो.

सकाळी ऊन पडलं. साडेअकरापर्यंत वरचा थर पापडासारखा तडकला आणि आम्ही निघालो. घरी आल्यावर चाकांच्या आत बसलेली माती छिन्नीनं काढावी लागली, पक्क्या विटेसारखी झाली होती. काकांना फोटो पाठवला. त्यांनी मातीबद्दल चकार शब्द काढला नाही. "पाण्यात घातलीस ना? एक्सलचं तेल बघितलंस का?"

तापलेला एक्सल गार पाण्यात उभा राहिला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी आत ओढते. म्हणून ब्रीदरची, म्हणजे एक्सलला हवा घेऊ-सोडू देणारी, नळी उंच चढवून ठेवतात. पुढची मी इंजिनाशेजारी नेऊन बांधली होती. तिकडचं तेल उघडून बघितलं, मधासारखं स्वच्छ. मागं गेले, झाकणाचा खालचा बोल्ट सैल केला आणि परातीत दुधाळ चहा पडायला लागला.

मागची नळी चढवायची राहूनच गेली होती.