रिपोर्ट यायचाय

काल रात्री हे तीनदा उठले. सव्वाला, तीनच्या जरा आधी आणि पाच वाजता. घड्याळ बघायचं नाही असं मी रोज ठरवते, पण मोबाइल उशाशी असतो आणि हात जातोच. आधी यांच्या बाजूची गादी कडेला दबते, मग चपला शोधणारे पाय, मग बाथरूमच्या दाराखालून उजेडाची पट्टी. त्यानंतर मी नुसती ऐकत राहते. धार सुरू व्हायला वेळ लागतो. सुरू होते, थांबते, परत थोडी येते. मग फ्लश, दिवा बंद. हे परत येऊन पडतात आणि पाच मिनिटांत यांचा डोळा लागतो. माझा डोळा मात्र उघडा तो उघडाच.

कॅन्सर आहे का ते बघायला यांच्या प्रोस्टेटची बायोप्सी केली, त्याला आज नववा दिवस.

खरं म्हणजे हे आवाज मी दोन वर्षं ऐकतेय. आधी एकदा उठायचे, मग दोनदा. मी म्हणायचे, "अहो, दाखवून या एकदा." हे म्हणायचे, "वय झालं, त्यात काय दाखवायचं." मीही ते मान्य केलं. यांच्या एका मित्राची लघवी अचानक पूर्ण बंद झाली, नळी घालावी लागली, तेव्हा कुठे हे हलले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि रक्ताची तपासणी सांगितली. त्यात पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन, आलं 7.8. रिपोर्टवर शेजारी 4 ची मर्यादा छापलेली आणि आमचा आकडा ठळक अक्षरात.

त्या दिवसापासून एक काटा माझ्या मनात रुतून बसला होता. मी दोन वर्षं ऐकत होते आणि हट्ट धरला नाही. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं, "आम्ही उशीर केला का?" त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. रात्री उठावं लागणं, धार अडखळणं हे बहुतेक वेळा प्रोस्टेट वाढल्यामुळे होतं. ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून असते, वयाबरोबर फुगते आणि आतला मार्ग दाबते. कॅन्सर बहुतेक वेळा तिच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, आणि सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. म्हणजे ज्या आवाजासाठी मी स्वतःला दोष देत होते, तो आवाज कदाचित या आजाराचा नव्हताच. त्या आवाजामुळे तपासणी झाली, एवढंच. हे ऐकून रडू आलं. हलकं वाटलं म्हणून की आणखी भीती वाटली म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. ग्रंथी नुसती वाढली तरी ते वाढतं, जंतुसंसर्ग असला तरी वाढतं. तपासणीच्या आधी एक-दोन दिवस सायकल चालवू नका, असंही सांगतात. हे रोज सायकल चालवतात, त्यामुळे मी त्या सायकलीला घट्ट धरून बसले. लघवीची तपासणी स्वच्छ आली. सहा आठवड्यांनी परत रक्त दिलं, त्याआधी आठवडाभर सायकल भिंतीला टेकून उभी. आकडा आला 8.1. चार ते दहाच्या मधल्या आकड्यात साधारण चारांतल्या एकाला कॅन्सर निघतो, म्हणजे तिघांना निघत नाही. हे वाक्य मी दिवसभर मनात म्हणायचे. रात्री मात्र तो एकच दिसायचा.

मग एमआरआय झाला. त्यात डाव्या बाजूला 11 मिलिमीटरचा एक ठिपका दिसला आणि पुढे लिहिलं होतं पायरॅड्स 4. ही एक ते पाचची मोजणी असते, एक म्हणजे कॅन्सरची शक्यता फारच कमी, पाच म्हणजे फार जास्त. चार आलेल्या प्रत्येकालाच कॅन्सर निघतो असं नाही, पण बायोप्सी टाळण्यासारखं ते नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बायोप्सीच्या आधीच्या भेटीत डॉक्टरांनी यांना विचारलं, "घरात कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का? वडील, भाऊ?"

हे म्हणाले, "नाही."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला अण्णा आठवले, माझे सासरे. आमच्या लग्नाला चारच वर्षं झाली होती. शेवटचं वर्षभर अण्णांची कंबर दुखायची. दुखायची म्हणजे रात्र रात्र झोपू द्यायची नाही. सगळे म्हणायचे हाडं झिजली, म्हातारपण. लघवीचा त्रास त्याच्या आधीपासून होता. शेवटी पायातली ताकद गेली आणि ते अंथरुणाला खिळले. कसलं निदान झालं नाही, आजाराला कोणी नाव दिलं नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की बऱ्याचदा हाडांत जातो, कण्यात जातो, हे मी गेल्या महिन्यात वाचलं होतं. वाचून फोन पालथा ठेवला होता. यांच्याशी बोलले नव्हते.

त्या खोलीत मात्र बोलले. म्हटलं, "डॉक्टर, यांच्या वडिलांचं नक्की काय होतं ते माहीत नाही, पण शेवटी कंबर फार दुखायची आणि लघवीचाही त्रास होता."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. इतक्या वर्षांनी ते ठरवता येणार नाही, पण लक्षात ठेवू, असं म्हणाले. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर धोका साधारण दुपटीने वाढतो.

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येईपर्यंत एक अक्षर नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता फक्त म्हणाले, "अण्णांना कशाला ओढलंस त्यात?"

मी गप्प राहिले. अजूनही माझं म्हणणं तेच आहे की डॉक्टरांच्या खोलीत बायकोने बसावंच. पुरुष माणूस "काही त्रास नाही" म्हणून मोकळा होतो, आणि तो कुठे थांबला, कधी किती वेळ लागला, हे आपण अंधारात पडून मोजलेलं असतं. पण त्या दिवशी यांच्या चेहऱ्यावर जे होतं तेही मी विसरलेले नाही. न विचारता मी यांच्या वडिलांचं मरण त्या टेबलावर मांडलं होतं.

बायोप्सीला मला आत सोडलं नाही. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालतात, जागा बधिर करून. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर हे एवढंच बोलले, "कागदाला पिन मारतात ना, तसा आवाज येतो प्रत्येक वेळी. पंधरा आले." बारा तुकडे सगळीकडून, तीन त्या ठिपक्यातून. म्हणजे आत पडल्या पडल्या हेही मोजत होते.

जाताना डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस लघवीतून रक्त जाईल, वीर्यातून काही आठवडे जाईल, घाबरू नका, पण ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी लगेच या. वीर्याचं म्हणाले तेव्हा आम्ही दोघंही भिंतीवरच्या चित्राकडे बघत होतो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण त्या विषयावर तिसऱ्या माणसासमोर एक शब्द निघत नाही. उपचाराची वेळ आलीच तर पुढे काय काय होऊ शकतं तेही मी वाचलंय. लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, शरीरसंबंधाची ताकद जाऊ शकते, काहींची परत येते, काहींची येत नाही. यांच्या मनात ती भीती आहे, हे मला दिसतं. मला त्याचं काही वाटत नाही, मला हे हवेत, एवढंच यांना सांगायचंय. कसं सांगू, ते सुचत नाही. इथे लिहिणं सोपं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी यांच्या पाठोपाठ बाथरूममध्ये गेले. फ्लश नीट झाला नव्हता. पांढऱ्या भांड्यात तळाशी गुलाबी पाणी, आणि त्यात नखाएवढी एक काळपट गाठ, हळूहळू फिरत असलेली. मी तिथेच उभी राहिले. असं होणार हे सांगितलेलं होतं. तरीही गुडघ्यांतलं बळ गेलं. बाहेर येऊन विचारलं, "रक्त जातंय का अजून?" हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "थांबलं कधीच." मी काहीच बोलले नाही. परत आत गेले आणि फ्लश केला.

रात्री वाचायचं नाही असं सगळे सांगतात. मी वाचते. मला कळलेलं बरं पडतं, अंधारात चाचपडणं मला जमत नाही. रिपोर्टमध्ये ग्लीसन नावाचा आकडा येतो. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने 1966 मध्ये ही पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना कशी दिसते त्यावरून दोन अंक देतात आणि बेरीज करतात. आता सगळ्यात कमी म्हणजे 3 अधिक 3, सहा. सहा आला तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात, ठराविक काळाने तपासण्या करत राहतात. 3 अधिक 4 आणि 4 अधिक 3, दोन्ही सातच, पण दुसरा जास्त वाईट. हे समजल्यापासून माझ्या डोक्यात दिवसभर बेरजा चालतात.

ब्रिटनमधली एक मोठी चाचणी वाचली. प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर निघालेल्या 1,643 पुरुषांना तीन गटांत वाटलं, काहींची शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त देखरेख. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले शंभरात साधारण तीन. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, तेही प्रामाणिकपणे लिहिलंय. तरी शंभरात तीन. मी तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, पेनाने, दोनदा गिरवून. पण तो कॅन्सर प्रोस्टेटपुरता असलेल्यांचा आकडा आहे. आमचं अजून काहीच माहीत नाही. आणि अण्णांच्या वेळी तर कोणी मोजलंच नव्हतं.

रिपोर्ट सात-आठ दिवसांत येईल म्हणाले होते. आठव्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, मीच फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "दोन तुकड्यांवर स्पेशल स्टेन लावलाय, अजून तीन-चार दिवस." बाकी तिला काही सांगता येईना. मग डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे बोलले. निरोगी ग्रंथीच्या पेशींना बाहेरून एक थर असतो, कॅन्सरमध्ये तो नाहीसा होतो, आणि नुसत्या नजरेला शंका आली तर वेगळा रंग देऊन तो थर आहे की नाही ते बघतात. म्हणजे शंका आहे. म्हणजे उघडउघड दिसत नाहीये. मी या दोन वाक्यांमध्ये कालपासून येरझारा घालतेय.

यांना सांगितलं. "बरं," म्हणाले आणि सायकलीची हवा बघायला गेले. डॉक्टरांनी अजून चालवू नका म्हटलंय. हवा भरून परत भिंतीला टेकवून ठेवली.

आमचा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. त्याला काहीच माहीत नाही, यांनी बजावलंय. रोज रात्री त्याचा फोन येतो आणि मी "सगळं ठीक" म्हणते. फोन ठेवल्यावर घशाशी येतं. कारण यांचं निदान तसं निघालं, तर ती गोष्ट त्याचीही आहे. त्याला चाळिशीपासूनच तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागेल. आपण आता लपवलं, तर अजून तीस वर्षांनी त्यालाही कोणी विचारेल, "घरात कोणाला होता का?" आणि तोही म्हणेल, "नाही."

हे यांच्याशी बोलायचं ठरवून चार दिवस झाले होते. जमत नव्हतं.

आज पहाटे पाचच्या वेळी हे बाथरूममधून आले, पण आडवे झाले नाहीत. गादीच्या कडेवर बसून राहिले. पाठ माझ्याकडे. मला वाटलं ताप आला. उठून पाठीवर हात ठेवला. गार होती.

"जागीच असतेस ना तू?"

"हो."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "अण्णांची कंबर मी चेपायचो. रात्री. ते ओरडायचे नाहीत, उशी चावायचे. मला वाटायचं, मी नीट चेपत नाही."

मी पस्तीस वर्षांत हे ऐकलं नव्हतं. त्या घरात मीही होते, शेजारच्या खोलीत.

"तू बोललीस ते बरोबर होतं," म्हणाले. "मला माहीत होतं. पहिला आकडा आला त्याच दिवशी अण्णा डोळ्यांपुढे आले."

मी पाठीवरून हात फिरवत राहिले. कण्याचे मणके एकेक हाताला लागत होते. मग यांनीच विचारलं, "आज रविवार ना? तो उशिरा उठतो. नऊला फोन लावू. मी बोलतो त्याच्याशी."

बाथरूमचा दिवा तसाच चालू राहिला होता. हे विझवायला उठले नाहीत, मीही उठले नाही.

आता पावणेनऊ झालेत. यांनी चष्मा लावलाय आणि एमआरआयचा कागद समोर घेऊन बसलेत. त्याला 11 मिलिमीटर सांगायचं की नुसतं "लहान" म्हणायचं, असं मला विचारतायत. मी म्हटलं, अकरा सांगा.