दादाची कुलूपबंद पत्रं

१९९८ साली, बाबांच्या आजारपणात, मी पुण्याहून आणि दादा न्यू जर्सीहून जवळजवळ रोज एकमेकांना ईमेल करायचो. घरातलं बोलणं घरात राहावं म्हणून सगळं पीजीपी या मजकूर कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामने एनक्रिप्ट करून. त्यात वापरलेल्या आरएसए या एनक्रिप्शनच्या पद्धतीचं पेटंट फक्त अमेरिकेत होतं, त्यामुळे दादाकडे पीजीपीची एमआयटी विद्यापीठाने दिलेली २.६.२ आवृत्ती, तीही बिगर-व्यावसायिक वापरापुरती. माझ्याकडे आंतरराष्ट्रीय २.६.३आय.

२००३ मध्ये ती पत्रं पुन्हा वाचावीशी वाटली. ऑफिसच्या मशीनवर जीएनयूपीजी हा पीजीपीसारखाच मुक्त प्रोग्राम होता. जुनी किल्ली घातली, तर उत्तर आलं की आयडिया सायफरचं, म्हणजे मजकूर बंद करण्याच्या एका पद्धतीचं, प्लगइन (वरून जोडायचा भाग) नाही. किल्ली माझी, पत्रं मला लिहिलेली, तरी बंद! फार राग आला.

मग कारण शोधलं. पीजीपी मजकूर आयडियाने बंद करायचं आणि त्याची किल्ली आरएसएने. आरएसएचं पेटंट सप्टेंबर २००० मध्ये संपलं, लगेच ते जीएनयूपीजीत आलं. झुरिचमध्ये जन्मलेल्या आयडियाचं पेटंट मात्र चालू होतं आणि व्यावसायिक वापराला परवाना लागायचा. कशासाठी वापरता, हे जीपीएल (जीएनयूपीजीचा परवाना) विचारत नाही. मग असं बंधन असलेली गोष्ट तिच्यात कशी बसणार? प्लगइन वेगळं मिळायचं, पण मशीन कंपनीचं. मी थांबलो. ते थांबणं बरोबरच होतं असं आजही वाटतं.

२०१२ मध्ये आयडियाची शेवटची पेटंटं संपली. डिसेंबरात जीएनयूपीजीची १.४.१३ आवृत्ती आली, आयडियासकट. घरी बसून कंपाइल केली. किल्ली उघडायची पासफ्रेज म्हणजे आजीच्या ओवीतली एक ओळ, रोमन लिपीत. ‘विठ्ठल’मध्ये टी एक की दोन, ते आठवेना. तिसऱ्या खेपेला पत्र उघडलं: ‘बाबांनी आज पेज घेतली का? तू जेवलास का?’

पुढे बराच वेळ काही वाचता आलं नाही.

जीएनयूपीजीच्या २.१ आवृत्तीपासून या जुन्या किल्ल्या चालत नाहीत, म्हणून १.४ जपून ठेवली आहे. दादा आला तेव्हा पेन ड्राइव्हवर त्यालाही दिली, सोर्स कोडसकट. बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) दिली तर सोर्सही द्यायचा ही जीपीएलची अट. ती कॉपीराइटवर उभी आहे, पेटंटसारखी वीस वर्षांत संपत नाही. माझी उत्तरं दादाच्या किल्लीने बंद आहेत. ती त्यालाच उघडता येतील.