‘बाबाबा’ कधी म्हणतं, ते बघा
आज वाशीत लसीकरणाच्या रांगेत पुन्हा तेच कानावर पडलं: “मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तसाच होता.” बाळ 14 महिन्यांचं, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. शब्दांच्या आधी हेच बघायचं असतं. ‘आ-ऊ’ तर ऐकू न येणारं बाळही करतं, म्हणून घरचे फसतात. फरक कळतो 6 ते 10 महिन्यांत, ‘बाबाबा-दादादा’ सुरू झालं नाही की. ऐकू येतं का, हे घरी टाळी वाजवून बघणं फोल. बाळ हललेला हात बघून वळतं. बेरा तपासणीच करा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी. (आणि घरात मराठी-हिंदी दोन्ही बोलल्याने उशीर होत नाही, हो!) बाळाशी बोललात की पाचेक सेकंद थांबा, आता त्याची पाळी. भरवताना मोबाइल लावला की ती पाळीच जाते.