आकडा चुकला की बाहेर

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. जवळपास ७५० मीटर उंचीवरचं गाव, उन्हाळ्यातही संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटतं. त्यामुळं ‘आमच्यात कुठलं एवढं ऊन’ असं मीही पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण गाव थंड असलं म्हणून पत्र्याची शेड थंड राहत नाही, आणि माझा दिवस त्या शेडमध्येच जातो.

अनगोळातल्या आमच्या घराच्या कडेला मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडीसाठी गॅरेज बांधलं होतं. १२ बाय १५ फूट, वर साधा पत्रा, पश्चिमेला शटर. तिथंच त्यांनी मोटार रिवायंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटारीत तारेचे वेढे मोजून नवी कॉइल भरायचं काम, सुरू केलं, मला शिकवलं, आणि ते गेल्यापासून मी एकटी बघते. फॅन, मिक्सर, शेतातले मोनोब्लॉक पंप. शिमगा झाला की घराघरात फॅन फिरायला लागतात, विहिरीवरच्या मोटारी रात्रंदिवस चालतात, व्होल्टेज पडतं आणि मोटारी जळतात. सगळ्यात जास्त उकडतं तेव्हाच माझ्याकडं सगळ्यात जास्त काम असतं.

या कामात फॅन लावून बसता येत नाही. मोटारीच्या खाचांत तारेखाली घालायचा इन्सुलेशन पेपर उडतो, कॉइलवरच्या ओल्या वॉर्निशवर धूळ बसते. घामही कॉइलवर पडू द्यायचा नाही. घामात मीठ असतं. ओल आणि मीठ दोन्ही इन्सुलेशनचे वैरी. नाकाच्या शेंड्यावर आलेला थेंब मनगटाला बांधलेल्या फडक्यानं टिपायचा, तेवढ्यात तार ढिली पडू द्यायची नाही, आणि तोंडानं आकडा चालूच ठेवायचा. मामा म्हणायचे, तार तुटली तर जोडता येते, आकडा तुटला तर कॉइल परत.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात कडोलीच्या एका काकांचा ५ एचपीचा पंप आला. रानात भाजी उभी, पाणी बंद. ‘उद्या सकाळी देते की’ म्हणून मी शब्द दिला आणि दुपारी दोनला बसले. ४२ वेढ्यांची कॉइल. ३० पर्यंत गेले आणि पुढचा आकडाच सुचेना. उलगडलं, परत एकपासून. या खेपेला २० वरच तसं झालं. पोटऱ्यांत गोळे येत होते, मळमळत होतं, अंग घामानं चिंब आणि तरी हात गार. मला वाटलं, जेवण नीट झालं नाही. तिसऱ्यांदा सुरू केलं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं म्हणे, “आत्ती, किती झाले हो?”

“राहू देत गं वेढे. ऊठ आधी,” म्हणत त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. पडवीत आडवं केलं, पायाखाली उशी दिली, ओला पंचा अंगावर टाकला आणि साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजलं. संध्याकाळी डॉक्टरांनी नीट सांगितलं ते मी शेडमध्ये लिहून लावलंय: माणूस शुद्धीवर असेल तर सावली, पाणी, विश्रांती. पण अंग तापून बोलणं बरळल्यासारखं झालं, शुद्ध हरपायला लागली, तर घरात उपचार करत बसायचं नाही. अंगावर पाणी ओतत, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावत सरळ दवाखाना. त्या दिवशी आत्ती अर्ध्या तासानं आल्या असत्या तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

भाच्यानं मग इन्फ्रारेड थर्मामीटर आणून दिला. टेबल ३७ अंश, आणि डोक्यावरचा पत्रा आतल्या बाजूनं ५८. तिथं मला कळलं की मी हवेशी भांडत होते आणि तवा डोक्यावर ठेवला होता. तापलेला पत्रा उष्णता सरळ अंगावर टाकतो, मधली हवा कितीही हलवली तरी. म्हणून आधी पत्रा.

चुनकळी आणली, लोखंडी बादलीत पाण्यात घातली. खदखदून उकळते, तेव्हा तोंड लांब ठेवायचं, डोळे जपायचे. रात्रभर मुरू दिली, गाळून त्यात थोडं फेव्हिकॉल घातलं आणि सकाळी ऊन चढायच्या आत दोन हात दिले. त्याच आठवड्यात, तशाच उन्हात, पत्रा ४४ वर आला. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी पाडव्याच्या आधी नवा हात. मग बुरुडाकडनं बांबूच्या तट्ट्या आणून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांधल्या. ती वीतभर जागाच महत्त्वाची. तट्ट्या पत्र्याला टेकल्या तर उपयोग नाही. थर्माकोल लावा म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं, पण सोल्डरिंग आणि थिनर असलेल्या खोलीत मी थर्माकोल लावणार नाही. तट्ट्याही पेटतात, म्हणून सोल्डरिंग आता दाराशी. शटरच्या बाहेर हात-दीड हात सोडून हिरवी नेट टांगली, म्हणजे दुपारचं ऊन लोखंडावर पडतच नाही.

कूलर घेतला होता. चूक झाली. शटर अर्धं ओढून लावला की तासाभरात खोली दमट, अंग चिकट, इन्सुलेशन पेपर मऊ पडलेला. कूलरची हवा बाहेर जायला वाट लागते, आणि वळवाचा पाऊस पडून गेल्यावर तर हवेतच इतकी ओल असते की त्याचा काही जोर चालत नाही. आता तो आत्तींच्या खोलीत, खिडकीत आहे. शेडमध्ये मागच्या भिंतीला अगदी वर एक्झॉस्ट बसवला आणि शटर खालून दीड फूट उघडं ठेवते. गरम हवा वर जमते, ती वरूनच जाते, आणि कागद जागचा हलत नाही. वॉर्निश वाळवायची २०० वॅटच्या बल्बची पेटीही बाहेर काढली. बल्बची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती मी स्वतःच्या खोलीत सोडत होते.

बाकी साधंच. सुती कपडे. ताक घातलेली नाचणीची आंबील, वर कांदा. तहान लागायची वाट न बघता पाणी. पाऊसकाळानंतर ऊन नव्यानं सुरू झालं की पहिला आठवडा-दीड आठवडा काम कमी, कारण शरीराला सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. पहाटे साडेपाच ते साडेदहा वायंडिंग, दुपारी शटर बंद, पाचनंतर पुन्हा. आणि सलग दोनदा आकडा चुकला की हातातलं ठेवून बाहेर. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

काल भर दुपारी बैलहोंगलकडचे एक अण्णा फॅन न्यायला आले. शटर बंद. मी पडवीतून सांगितलं, वाळतोय, पाचला मिळेल. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टॉवेल डोक्यावर नीट घेतला, “बिसल भाळ ऐत्री अक्का, संजीक बर्तीनी,” म्हणाले. ऊन फार आहे, संध्याकाळी येतो. आत्तींनी त्यांना बसवून तांब्याभर पाणी दिलं. त्यांच्या फॅनचा स्टेटर, म्हणजे कॉइल भरलेला भाग, अंगणातल्या काळ्या फरशीवर, त्याच उन्हात, छान वाळत होता.