डोळ्यांखालचा रंग

ऑपरेशनचा नववा दिवस. आज सकाळी दोन्ही डोळे नीट उघडले.

कॉलेजात स्कूटीवरून पडले तेव्हापासून नाक वाकडं होतं, श्वास एकाच नाकपुडीतून. आतला पडदा सरळ करून वरचा उंचवटाही काढायचा ठरलं. डोळ्यांभोवती काळंनिळं होईल, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरले. सगळं लक्ष नाकावर होतं. तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभी राहिले आणि मटकन खाली बसले. पापण्या टम्म फुगलेल्या, खाली जांभळं, डाव्या बुबुळाशेजारी रक्ताचा लाल डाग. प्लास्टरखालचं नाक तर दिसतही नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा जीव थाऱ्यावर आला. नाक सरळ करायला त्याची हाडं दोन्ही बाजूंनी कापून आत सरकवावी लागतात. तो काप डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून जातो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ आणि तिच्याखालची जागा सैल, म्हणून झिरपलेलं रक्त तिथं साठतं. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, त्याचंही कारण कळलं. अश्रू नाकात उतरतात ती वाट सुजेनं दाबली गेली होती. पहिले दोन दिवस गार पट्ट्या, तीन उशांवर डोकं. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, सहा आठवडे. वाचायचं झालं तर तो चिकटपट्टीनं कपाळाला अडकवते.

लिहायचं आहे ते मात्र वरच्या मजल्यावरच्या काकूंबद्दल. चौथ्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर त्या डबा घेऊन आल्या. दार लावून घेतलं, माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांग बाई, घरात सगळं बरं आहे ना? मी आहे." दोन क्षण मला कळेचना. मग कळलं, आणि रडूच आलं. याच्याबद्दल असं कुणाच्या मनात यावं याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भरून आलं ते त्यांनी विचारलं म्हणून. काळे डोळे घेऊन जिन्यात दिसणाऱ्या किती बायकांना कुणीच विचारत नाही. त्यांना मी हॉस्पिटलचे कागद दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, आणि मला ते आवडलं.

संध्याकाळी याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकूंचा नंबर तुझ्या फोनमध्ये वर ठेव."

तेव्हापासून काकू रोज येतात, खिडकीशी नेऊन माझी हनुवटी वर करतात. जांभळ्याचं हिरवट झालं, रक्तातला रंग तुटत गेला तसं पिवळं. आज म्हणाल्या, "हळदीच्या बोटाएवढं उरलंय."