तरुण प्राध्यापकाच्या पाठीशी कोण?

अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला दंतवैद्य आयडा ग्रे यांनी १८९० मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी मिळवली. शाळेत असताना त्या सिनसिनाटीत जोनाथन टाफ्ट यांच्या दवाखान्यात काम करत होत्या आणि हेच टाफ्ट मिशिगनच्या दंत महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता होते. बुद्धी आणि कष्ट ग्रे यांचेच, पण वाट ठाऊक असलेला ज्येष्ठ त्यांना योग्य वयात भेटला, हे मला फार मोलाचे वाटते.

मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठीच्या हॉवर्ड आणि मेहॅरी या दोन संस्थांत अनुक्रमे १८८१ आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या दंत महाविद्यालयांनी कृष्णवर्णीय दंतवैद्यांच्या पिढ्या घडवल्या. इतर महाविद्यालयांत मात्र कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी प्राध्यापक अजूनही मोजकेच दिसतात. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असताना खासगी दवाखान्यापेक्षा कमी मिळकतीची नोकरी पत्करणे मुळातच अवघड असते. त्यात असा प्राध्यापक विभागात एकटाच असला, तर प्रत्येक समितीवर त्याचेच नाव जाते, त्या समाजातील प्रत्येक विद्यार्थी अडचण घेऊन त्याच्याकडेच येतो आणि ज्या संशोधनावर बढती ठरते, तेच मागे पडते.

२००४ मध्ये अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनने केलॉग फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या साहाय्याने अशा अल्पसंख्य समाजांतील प्राध्यापक घडवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हॉवर्डमध्ये १९७५ साली अमेरिकेतील दंत महाविद्यालयाच्या पहिल्या महिला अधिष्ठाता झालेल्या जीन सिंकफर्ड यांनी असोसिएशनमधील या कामाला दिशा दिली.

मी स्वतः दंत महाविद्यालयात शिकवते, म्हणून मला वाटते की अशा कार्यक्रमाचा कस परिषदांत लागत नाही. वरिष्ठ प्राध्यापक संशोधन-अनुदानाचा पहिला अर्ज ओळीओळीने तपासून देतो का, वर्गात मागच्या बाकावर बसून तास ऐकतो का, कोणती समिती निःसंकोच नाकारावी हे सांगतो का, इथे तो लागतो. आपल्याकडेही एमडीएसचा (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवीचा) गाईड प्रबंधापुरता असतो. व्याख्याता म्हणून रुजू झाल्यावर पुढचे ज्याचे त्याने पाहायचे, अशीच बहुतेक ठिकाणी रीत आहे.

मार्गदर्शनाचे हे काम केवळ सद्भावनेवर सोडले, तर मोजक्या अल्पसंख्य ज्येष्ठांवरच त्याचा सारा भार पडतो. म्हणून मार्गदर्शनाचे तास वेळापत्रकात धरावेत, त्या प्रमाणात अध्यापनाचा भार कमी करावा आणि वरिष्ठांच्या स्वतःच्या बढतीच्या अर्जातही या कामासाठी रकाना असावा.